ऐकत नाही

तोयामाच्या भात केंद्रात माझं काम एवढंच:
कोन मोजणं.
अंधारात वाढवलेली रोपं, फिकी, पिवळट,
दुसऱ्या पानाचा सांधा मधोमध येईल असा
ब्लेडने तुकडा काढायचा
आणि एकोणतीस अंशांच्या उबेत
पाण्यावर तरंगत ठेवायचा दोन रात्री.
पाण्यात तो पदार्थ, इतका थोडा
की तराजूसुद्धा कबूल करत नाही.
तिसऱ्या सकाळी पातं झुकलेलं असतं,
मागून हाक आल्यावर मान वळावी तसं.
मी शाळेतला कोनमापक लावते,
वहीत आकडा लिहिते.
अठ्ठावीस वर्षं.

मिनागावासान सांगतात,
पहिल्यांदा तो सापडला परागात,
मोहरीच्या भावकीतल्या फुलांच्या,
मधमाश्यांनी पायांना लावून आणलेल्या.
दोनशेहून जास्त किलो पराग,
हाती आलं चार मिलिग्रॅम.
मी विचारलं, माश्यांना मजुरी किती दिली?
ते हसले नाहीत.

सांध्याच्या वरच्या अंगाच्या पेशी लांबल्या
की पान खाली जातं. बस.
वाकणं म्हणजे खचणं नव्हे,
एका बाजूने जास्त वाढणं.
हे कळायला मला अकरा वर्षं लागली,
कारण मी कोन बघत होते,
सांधा नाही.

गेल्या उन्हाळ्यात चौदाव्या ओळीत
एक रोप निघालं. बुटकं, गर्द हिरवं,
पेरं आखूड, पानं ताठ वर,
कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखी.
आम्हाला वाटलं, पदार्थ कमी पडतोय.
दिला. दुप्पट दिला. शंभरपट.
पान जागचं हललं नाही.
मग आत पाहिलं, तर पदार्थ
नेहमीपेक्षा जास्तच, साचून राहिलेला.
हाका येत होत्या, दाराशी गर्दी होती,
कान तेवढा नव्हता.
"ऐकत नाही," मिनागावासान म्हणाले,
आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज
शास्त्रज्ञाचा नाही,
बापाचा वाटला.

आई ब्याण्णव वर्षांची. कंबरेतून काटकोनात.
ढकलगाडीला धरून दारापर्यंत येते.
कानातलं यंत्र चहाच्या डब्यात ठेवते,
बॅटरी वाचते म्हणून.
हाताने लावणीचे सत्तावीस हंगाम,
नंतर यंत्र आलं,
पाठ तिथेच राहिली.

मी ओरडून तिला त्या रोपाचं सांगितलं.
"दाणे?"
"थोडे. आखूड, गोल."
"मग उपटा."
"पण पानं उभी आहेत, आई.
दाटीने लावलं तरी
खालच्या पानांपर्यंत ऊन पोचतं.
पुरतं बहिरं नको,
थोडंसं कमी ऐकणारं मिळालं
तर वाफा भरून पिकेल कदाचित."
ती बराच वेळ गप्प.
ऐकू गेलं नसावं,
म्हणून मी मुळा चिरायला घेतला.

"आमच्या ओळीत एक इसो होती,"
ती मध्येच म्हणाली.
"दर दहा पावलांना उभी राहायची,
कमरेवर हात ठेवून, डोंगराकडे बघत.
मालक ओरडायचा. ऐकायची नाही.
आम्ही तिला कामचुकार म्हणायचो,
मी सगळ्यांत जास्त."
"पुढे काय झालं तिचं?"
"होणार काय. मेली.
पण सरळ होती.
पेटीत नीट मावली."

कोनमापक माझ्या खिशात होता.
मी हात खिशात घातला
आणि तसाच ठेवला.
बाहेर बेडूक इतके ओरडत होते
की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.
आई तशीच बसून,
ओणवी,
डब्यातल्या यंत्राकडे बघत.

सोमवारी चौदाव्या ओळीचे
साठ दाणे भिजत घातले.
नऊ उगवले नाहीत.
बाकीच्यांना अजून
कोन नाही.