पंचवीस पॉइंट सहा

उद्यमबागेत, फौंड्रीच्या टाइम-ऑफिसात
गजांवरून बोट फिरवलं की काळी वाळू येते,
मोल्डिंगची.
बावीस वर्षं पुसतेय.

मार्चअखेरीला नवे मॅनेजर म्हणाले,
हुंदरेबाई, पुढच्या साली किती जण सोडतील
ते आजच सांगा, नव्यांचे बूट मागवायचेत.

मी हजेरीची जुनी बुकं काढली.
पन्नासातले दहा गेले. त्याच्या आधल्या साली
पन्नासातले दहाच.
म्हणजे प्रत्येकाच्या हेल्मेटच्या आत
चिकटवलेला एक बारका आकडा,
शून्य पॉइंट आठ.
आज आहेत त्यातले, दुसरं कुणी न घेता,
पन्नासाचे चाळीस, चाळिसाचे बत्तीस,
बत्तिसाचे पंचवीस पॉइंट सहा.

तिथं पेन थांबलं.
पॉइंट सहा माणूस कसा दिसत असेल?
की तो बसलिंग हुक्केरी,
जो वेळेवर येतो, पंच करतो,
आणि तीननंतर नुसताच भट्टीकडं बघत राहतो,
उरलेला फोंड्यात, भावाच्या गॅरेजात?

हिशेब धरून चालतो
की एकाचं जाणं दुसऱ्याला कळत नाही.
जणू पन्नास बंद खोल्यांत
पन्नास नाणी उडतायत.

आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात.
येतो म्हणाला, खरं आला नाही.
बाहेरचा माणूस गडबडतो,
यात खरं ते कुठलं?
तक्त्याखाली मी लिहिलं,
दहा जातील. खरं
आणि पुढची ओळ कोरी ठेवली.
मॅनेजर पुण्याचे. वाचून ‘छान’ म्हणाले, सही केली.

येळ्ळूरचे चौघे एकाच टेंपोतून यायचे.
परशराम सायनेकर, मोनाप्पा, भरमा कुगजी
आणि वैजू, ज्याला अजून मिशीही नव्हती.
डिझेल चौघांत.
वर्षभरात चौघेही जातील याची शक्यता
माझ्या कागदावर दहा हजारांत सोळा.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी टेंपो आला नाही.
शिनोळीला, हद्दीच्या पलीकडं, नवा कारखाना,
दिवसाला साठ रुपये जास्त.
ठरवलं एकट्या परशरामनं.
टेंपो त्याचा होता.
बाकीच्यांचं नाणं उडलंच नाही,
ते त्याच्या खिशात होतं.

साल संपेतोवर चौदा गेले.
मॅनेजरही गेले, ऑगस्टात.
ते पन्नासात धरलेले नव्हते.

एका रात्री, कुकरची शिट्टी व्हायची होती तेवढ्यात,
स्वतःचं करून बघितलं.
शून्य पॉइंट आठ, बावीस वेळा.
हजारात सात.
त्या जूनमध्ये माझ्यासारख्या हजार जणी
या गेटातून आत आल्या असत्या
तर आज सात जणी डबा खायला बसलो असतो,
एका बाकावर, जरा दाटीवाटीनं.
मला त्या सहा जणींशी बोलायचं होतं.
विचारायचं होतं, तुम्ही का थांबलात गं?
मी तर कधी ठरवलंच नव्हतं.
दरवर्षी फक्त जायचं राहून गेलं.

बूट दहाच जोड आले.
चार कमी पडले.
वैजूनं त्याचे परत केले नाहीत,
सहा नंबर, आमच्या कंपनीचा शिक्का असलेले,
तेच घालून शिनोळीला जातो म्हणे.

आज एक पोरगा रुजू झाला, संकेश्वरकडचा.
कुणाचे तरी जुने बूट घालता घालता
मला म्हणाला, अक्का, एष्ट वर्ष आत्री?
इप्पत्तेरड, म्हटलं.
त्यानं वर बघितलं, माझ्याकडं, मग गेटाकडं.
हसला,
आणि नाडी अर्धीच बांधून उठला.