रुजलेला खिळा

अकरा वर्षं मी डाव्या बाजूनं चावलं नाही.
सुटलेल्या कप्पीचा आकडा तोंडावर आला, बंदरातच,
आणि वरचा एक दात गेला.
समुद्राला दिला, म्हणालो, आणि हसलो
उजवा गाल पुढे करून.

होड्या बांधतो मी. म्हणजे बांधायचो.
ओकच्या फळीत लोखंडी खिळा ठोकला
तर फळी काळी पडते, खिळ्याला गंज चढतो,
काही वर्षांत दोघं एकमेकांना खाऊन टाकतात.
म्हणून तांबं.
पण तांबंही लाकडाचं कुणी लागत नाही,
नुसता बरा शेजार.

गोथेनबर्गची डॉक्टर परवाने, जन्म शिराझचा,
तिचं स्वीडिश माझ्यापेक्षा स्वच्छ.
साहजिकच, तिचे सगळे दात जागेवर.
म्हणाली, पूल बांधता येईल,
पण आजूबाजूचे दोन दात तासावे लागतील.
मी म्हटलं, एका फुटक्या फळीपायी
दोन धड फळ्या?
तिनं खुर्ची जवळ ओढली.

एक्स-रे दाखवला. खिंडारावर हाड वर सरकलेलं,
ओहोटीला पाणी मागे हटावं तसं.
जिथं चावणं नाही, तिथून हाड निघून जातं, म्हणाली,
थोडं थोडं, न सांगता.
तरी अजून पुरेसं आहे.
टायटेनियमचा स्क्रू बसवू. हाड त्याला परकं मानत नाही,
त्याला बिलगून वाढतं.

वाढतं?
मी आयुष्यभरात लाखभर खिळे ठोकले असतील,
एकही फळी कधी खिळ्याकडे वाढत आली नाही.

भूल दिलेली, दुखलं काहीच नाही.
ड्रिलचा आवाज कवटीतून ऐकला:
सावकाश, पाणी सोडत, कठीण लाकडाला हवा तसा.
बाई कसबी होती.
दुखलं ते नंतर.
पाइप बंद, म्हणाली.

मग हिवाळा.
सिगब्रिट बटाटे कुस्करून द्यायची,
मी रिकामा पाइप हातात धरून बसायचो.
वरून काही दिसत नव्हतं, हिरडी मिटलेली.
खाडीत बर्फ धरलेलं, कारखान्याला कुलूप,
साऱ्या बेटावर काम चालू होतं ते एकाच ठिकाणी,
माझ्या तोंडात,
अंधारात,
बिनपगारी.

मार्चमध्ये तिनं हत्याराच्या मुठीनं स्क्रूवर टिचकी मारली.
टण्.
कुजकी फळी भद् म्हणते. हा आवाज मला ठाऊक होता,
तिनं सांगायच्या आधीच मी मान हलवली.

मग रंग. दातांच्या नमुन्यांची माळ ओठांशी धरून
तिनं सगळ्यात पांढरे बाजूला सारले,
कॉफी मुरल्यासारखा एक पिवळट उचलला.
खोटा दात खरा वाटायचा
तर त्यालाही थोडं वय लागतं.

आणि एक, म्हणाली, हा किडणार नाही,
थंडीनं कळवळणार नाही,
पण वाळूचा कण आला तर सांगणारही नाही.
खऱ्या दाताभोवती एक पातळ पडदा असतो,
सगळं कळतं त्याला. इथं तो नाही.
भोवतीची हिरडी सुजली तर आतलं हाड झिजेल,
आणि हा शेवटपर्यंत गप्प राहील.
तेव्हा रोज साफ करायचा, न चुकता.
गप्प राहणाऱ्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, म्हणाली.
सिगब्रिटनं यावर माझ्याकडे पाहिलं.

घरी आलो. कडक राईची भाकरी, वर हेरिंग.
चावलं उजवीकडेच.
दात आला होता, जबड्याला कुणी कळवलं नव्हतं.
तीन आठवडे तो तसाच बसून,
दाखवायच्या दातासारखा.

एका संध्याकाळी जाळ्याच्या भावाबद्दल बोलता बोलता
डावीकडे कुर्रकन आवाज झाला.
मी थांबलो. सिगब्रिटही.
ती माझ्या डाव्या हाताला बसते, लग्न झाल्यापासून,
आणि अकरा वर्षं मी तिच्याशी
मान न वळवता बोलत आलो होतो.
आज वळलेली होती.

चमचा खाली ठेवून तिनं बोट लावलं गालाला,
दाताच्या जरा खाली.
इथली दाढी पांढरी झालीय, म्हणाली.
कधी झाली?