दिवाळीचा सांगाडा

दिवाळी उलटून महिना होतो,
तरी गुणवंत ठोकळांच्या ढाळजेत
आकाशकंदील लोंबकळतच असतो,
कागद फाटलेला, कामट्या शाबूत.
मी दरवर्षी मागते. ते दरवर्षी म्हणतात,
"ने न बाई, इचारतं काहून?
उंदरंच खातीन नाहीतं."

पाच कोन. उजवा जरा वाकलेला.
वरच्या टोकाला कुणाची तरी टिकली,
ती मी काढत नाही.

नाताळासाठी मंडळीच्या डब्यात सत्तर रुपये.
दारव्ह्याच्या बाजारातून पतंगी कागद आणला,
लाल दोन, पिवळे तीन.
चमकीच्या कागदाला नुसता हात लावला.
घरी येऊन बियाण्याच्या
रिकाम्या पिशव्या उलट्या केल्या:
आतून सगळ्या चांदीच्या!
राखेनं घासल्या, तीनदा धुतल्या,
औषधाचा वास काही जाईना.
शमुवेल नाक दाबून म्हणाला,
"मागी लोकांच्या गंधरसाले
असाच वास असन."
मग चौथ्यांदा नाही धुतल्या.

खळ मार्थामावशींची.
मूठभर कणीक, तांब्याभर पाणी,
आणि नखभर मोरचूद, झुरळांसाठी.
गुठळी झाली की मावशी माझ्याकडे
उपासनेत जांभई दिल्यासारखं बघतात.

संत्र्याच्या साली ओल्या असतानाच
बाटलीच्या झाकणानं गोल कापल्या,
मधोमध चांदणी.
टिनावर चार दिवस ऊन खाल्ल्यावर
एकही गोल गोल राहिला नाही.
एक तर थेट कानासारखा मुरडला.
तो सुवार्तानं मागून घेतला,
दिवसभर त्याच्याशी हळू आवाजात बोलली,
माळेत ओवायला
शेवटपर्यंत दिला नाही.

झाड म्हणजे पऱ्हाटी,
तेलाच्या डब्यात मुरूम दाबून उभी केलेली,
दोन बोंडं अजून न फुटलेली.
पोरांना कापूस चिकटवायचा होता, बर्फ म्हणून.
मावशी म्हणाल्या, "बर्फ कोणं पाह्यला इथं?
दव पडते आपल्या इथं. दव करा."

दव कसं करतात?
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग पोरं कासाराच्या घरामागून
फुटक्या बांगड्यांचे तुकडे घेऊन आली
आणि दोऱ्यानं बांधत बसली,
एकेक फांदी, जपून.
माझ्या अंगठ्यातून थोडं रक्त आलं,
लाल कागदाला ते कळलंही नाही.

चोवीसच्या संध्याकाळी वीज गेली.
टिनावर बांबू, बांबूवर तारा,
ताऱ्यात बल्ब,
आणि सगळं मिळून
अंधाराला टांगलेला अंधार.
आम्ही मेणबत्तीवर वाचलं
ते मेंढपाळांचं,
रात्री रानात राहून राखण करणाऱ्यांचं.
शमुवेल झोपला. पऱ्हाटीची सावली
भिंतीवर झाडापेक्षा मोठी झाली होती.

बाराला वीज आली.
ती शेतांसाठी येते,
आमच्यावर नुसती सांडते.
लांब कुठंतरी मोटारी घुमल्या
आणि डोक्यावर टिनाच्या वर
काहीतरी झालं, ते आम्हाला आतून
दिसलंच नाही.

सकाळी गुणवंतभाऊ दारात,
पोटऱ्यांपर्यंत चिखल,
म्हणून आत आले नाहीत.
"रातभर हरबऱ्याले पाणी देत होतो.
पह्यले वाटलं, कोणाची बॅटरी हाये.
मंग तो वाकडा कोन दिसला.
म्यानंच मोडला होता तो, कंदील काढताना."

करंज्या दिल्या, त्यांनी दुपट्ट्यात बांधल्या.
पायरीवरून वळले.
"कामट्या फेकजो नोको.
संक्रांतीले नातवाले पतंग करून पाह्यजेन."
आणि वर बघत, डोळ्यावर हात धरून,
"कागदही राहू दे. हाव, पिवळा.
पिवळा चालते."