डावी कड

डिचोलीच्या बसस्टँडामागे शाणू मळीकचं दुकान.
दुपारचे तीन. तो जेवून आडवा झालेला,
मी हाक मारली तेव्हा चप्पल शोधत उठला.

मी सगळं ठरवून गेलो होतो.
मऊ रबराचा, रुंद, कडेपर्यंत खाचा असलेला,
चोर्ल्याच्या घाटात गाडी आडवी झाली
तरी रस्ता सोडणार नाही असा.
किंमतही विचारून ठेवली होती, पगाराचा चौथा हिस्सा.

शाणूने माझ्याकडे पाहिलंच नाही.
मागच्या चाकापाशी उकिडवा बसला
आणि बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून बघतात
तशी एक खाच फाकवून बघितली.
"मधोमध पोळपाट झालाय," म्हणाला.
"आणि हें पळय, कडेला केस आहेत अजून."

खरंच होते. कारखान्यातून निघताना असतात ते
रबराचे बारीक केस, उजव्या कडेला,
तीन वर्षं, एकतीस हजार किलोमीटर,
डांबराने कधीच न शिवलेले.

"तू वळत नाहीस रे. तू नुसता जातोस."

मग सांगितलं त्याला, जरा ओशाळून,
की मागे पेटी असते. बर्फात रक्ताच्या बाटल्या,
नार्वे, पिळगाव, मये, सकाळच्या उपाशी पोटांची रक्तं,
चोडणची फेरी, पलीकडे रायबंदर, पुढे पणजीची लॅब.
रक्त हिंदकळलं तर फुटतं. रिपोर्ट चुकतो.
मग त्याच म्हातारीला पुन्हा सुई टोचायला मीच जायचं.
म्हणून खड्डा दिसला की पाय जमिनीला,
खाणीचा ट्रक आला की मी गटाराच्या काठाला.
घाटात गेलोय तसा. एकदा.
बेळगावला, मामेभावाच्या लग्नाला,
मागे बायको जरीच्या साडीत, तिच्या मांडीवर आहेराचा मिक्सर.

शाणू हसला नाही. चाक फिरवत राहिला.
"मग ही काय?"

डावी कड. तिथे केस नव्हते.
बोटभर पट्टी, घासून घासून तुकतुकीत.
"हे कुठलं वळण?"

संध्याकाळी परतताना पेटी रिकामी असते,
बर्फाचं पाणी मी धक्क्यावरच ओतून देतो.
मयेच्या तळ्याअलीकडे उतार संपतो
आणि रस्ता एका कुळागराला धरून डावीकडे जातो.
तिथे मी ब्रेकवर बोट ठेवत नाही.
गुडघा बाहेर जातो, आपसूक,
सुपारीच्या झाडांची ओल गालाला लागते,
चार सेकंद. साडेचार.
घरी जाऊन सांगावं असं त्यात काही नाही.

"आहे एक," मी म्हणालो.

मला हवा होता तो टायर त्याने भिंतीवरच राहू दिला.
"मऊ रबर तुझ्या सरळ रस्त्यावर
खोडरबरासारखं संपेल, वर्षाच्या आत.
कडक घे, टिकेल. पण ओहोटीला
फेरीच्या उतारावर शेवाळ उघडं पडतं ना,
तिथे तो तुला पेटीसकट मांडवीत घालील."
आणि मधला काढला. कंपनीचं नाव मी ऐकलेलं नाही,
पाणी कापायला मध्ये खोल खाचा,
कुशीवरचे चार आकडे चष्मा वर करून वाचले:
"चाळिसावा आठवडा, गेल्या वर्षीचा. ताजो."
कडा गोल होत्या. त्यावर हात फिरवून म्हणाला,
"एका वळणापुरत्या पुरतील."

जुना ठेवून घेईना. फेरीवाल्यांना दे, धक्क्याला बांधतात.
आणि सुटे पैसे मोजता मोजता:
"पहिले दोनशे किलोमीटर जपून हां.
नव्याच्या अंगावर मेण असतं. उतरू दे आधी."

रोजचे चाळीस. म्हणजे पाच दिवस.
पाच संध्याकाळी त्या उतारावरून मी
बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा ताठ गेलो,
शाळेची पोरं स्कूटरवरून पुढे निघून गेली, तिघं तिघं.

सहाव्या दिवशी फेरीत, पेटी निथळत असताना,
वाकून बघितलं. दोन्ही कडांना केस,
सारखेच, ताठ.
समोर चोडणच्या धक्क्याला माझा जुना टायर टांगलेला,
लाटेने फिरत होता, कधी ही कड, कधी ती.
साखळी पडली. मी किक मारली.