रुमालाखालचा भाव

मिरजेत गल्लीगणिक दवाखाना
आणि दवाखान्यागणिक जिन्याखाली
माझ्यासारखा एक जण, पँटच्या पायाला बूट पुसत.
बॅगेत तीन डबे.
एक सिंगल चेंबर, एक डबल,
एक असा महागडा की अजून कुणाच्या छातीत गेला नाही,
त्याची मुदत मार्चअखेर संपते.
टार्गेट झालं नाही तर माझीही, साहेब म्हणाले.

मी ठोके विकतो.
मिनिटाला साठ. रात्री पन्नास केले तरी भागतं.
वजन पेढ्याएवढं,
किंमत सेकंडहँड बुलेटएवढी.

चौगुले अप्पा असेच जिन्यात भेटले.
चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळदीची अडत,
नाडी छत्तीसवर आलेली, ओठ जांभळे,
तरी खांद्यावरचा टॉवेल काढून
माझ्या हातावर टाकला
आणि आतून बोटं धरली.
आधी दोन. मग दीड,
म्हणजे दुसरं बोट अर्ध्यात मुडपून.

"अप्पा, छापील किंमत आहे ह्याला."
"छापील म्हंजे भाव न्हवं पोरा, छापील म्हंजे सुरुवात.
त्या दुसऱ्या कंपनीवाल्याचा हात धरून आलोय.
घाम सुटलाय त्याला."

माझ्या आज्याला, बापाला हा हिशेब यायचा.
मला एवढंच कळलं की बोटं गार आहेत,
हळकुंडासारखी कडक.
मी हात सोडवून घेतला.
निम्मं योजनेच्या कार्डावर झालं, निम्मं गाठीचं.
वरचं काय कुणाचं ठरलं
आणि कुठल्या टॉवेलाखाली,
ते मला विचारू नका, माझी तीन पोटं आहेत.

टेबलावर अप्पा जागेच होते,
खांद्यापाशी तेवढं बधिर केलेलं.
काचेआडून मी सांगितलं, साठला सेट केलाय सर.
आतून आवाज आला, "पासष्ट!"
डॉक्टरसुद्धा हसले.
टाका अर्धाच राहिला हातात.

त्याला तीन वर्षं झाली.

काल अक्का आल्या, हरिपूरहून, रिक्षानं.
सुपारीचा डबा उघडला.
आत धुतलेल्या फडक्यात तो,
तारा कापलेला, चकचकीत,
नुकताच खोक्यातून काढल्यासारखा.
घाटावरच्या माणसानं आधी काढून आणायला लावला,
सरणात बार उडतो म्हणाला.

"दहा वर्षं चालतंय म्हणाला हुतास.
तीन झाली.
राहिलेल्या सातांचं काय देतोस?"

परत घेता येत नाही, अक्का.
"मग टाकू?"
टाकताही येत नाही.

काहीतरी करायचं म्हणून मी मशीन लावलं,
वाचनाची चकती त्याच्यावर धरली.
पडद्यावर सगळं होतं.
मंगळवार, पहाटे चार बारा.
तिथून पुढं हृदयानं ओ दिली नाही.
ह्यानं हाक मारली. परत मारली.
दवाखान्यात, घाटावर, सुपारीच्या डब्यात,
हरिपूरच्या रस्त्यावर खड्ड्याखड्ड्यातून
मिनिटाला पासष्ट.

"म्हंजे चालू हाय?"
"चालू आहे."
त्यांनी तो कानाला लावला.
आवाज येत नाही ह्याचा, मी म्हणालो.
"त्यांचाबी कुठं यायचा," अक्का म्हणाल्या,
आणि तरी बराच वेळ कानाला धरून बसल्या.

मग विचारलं, बंद कधी पडंल?
मी आकडा काढला. साधारण सात वर्षं,
काम कमी आहे तर थोडं जास्तच.
त्यांनी पदराखाली बोटं मोडून काहीतरी मोजलं,
मला दिसणार नाही असं.

"बरं. तवर हळदीच्या बरणीमागं ठेवते."
डबा मिटला. रिक्षावाला हॉर्न देत होता.

मी बॅग उचलली.
वरच्या जिन्यावरून दुसऱ्या कंपनीचा माणूस
रुमालानं मान पुसत खाली येत होता.