फाउतोर

सोमवार, दुसरा तास, फाब्रियानो.
खिडकीतून समोरच्या भिंतीवर बेलार्दिनेल्ली हसताना दिसतो,
काल रात्री एकशे बारा मतांनी पडला तरी.
खळ नीट धरली नाही,
एक गाल सुटून वाऱ्यावर हलतोय.

मी फळ्यावर लिहिते : फाउतोर.
अर्थ सांगा.
समर्थक, कुणी म्हणतं. पाठीराखा. तळी उचलणारा.
शेवटच्या बाकावरून : चमचा!
वर्ग हसतो. तात्सिओ हसत नाही.
त्याचा बाप, ओत्तोरिनो,
कागद गिरणीतली पाळी संपवून
दोन महिने चौकाचौकात
घडीच्या खुर्च्या मांडत होता,
भाषण झालं की मिटत होता.
ऐकायला कितीजण येत ते खुर्च्यांनाच ठाऊक.

धातू फावेरे, मी सांगते. बरं चिंतणं, बाजूने असणं.
रोममध्ये नटांनाही फाउतोर असत,
कुणी मनापासून टाळ्या पिटत, कुणी पैसे घेऊन.
उमेदवाराचे फाउतोर, रथ हाकणाऱ्यांचे फाउतोर.
शब्दाने कुणाला विचारलं नाही,
तू भाड्याचा की घरचा.

आणि गंमत ऐका,
यज्ञाआधी हाळी होई : फावेते लिंग्विस.
शब्दशः, जिभेने अनुकूल व्हा.
म्हणजे काय?
म्हणजे गप्प बसा.
री ओढणाऱ्यांच्या शब्दाच्या पोटात
ही एवढी शांतता.

नीवेस हात वर करते :
बाई असेल तर?
फाउत्रिक्स.
ती नीट उतरवून घेते, खाली दोन रेघा ओढते.
तिच्या आईने घातल्या होत्या पत्रकांच्या घड्या,
जिंकलेल्याच्या.
काल रात्री आभार मानले गेले बऱ्याच जणांचे.

पुढचं पुस्तकात नाही, पण सांगून टाकते.
हजारेक वर्षांनी हा शब्द न्यायासनापुढे गेला.
ज्याची श्रद्धा चुकीची ठरली
त्याला ज्याने भाकरी दिली,
गवताच्या माचावर एक रात्र निजू दिलं,
तोही फाउतोर. त्यालाही शिक्षा.
त्याचं मत काय होतं?
असेल काही.
रात्र थंड होती, त्याने दार उघडलं.

घंटा.
गृहपाठ : हा शब्द वापरून एक वाक्य.

संध्याकाळी बाजारातून येताना पाहिलं,
ओत्तोरिनो शिडीवर, हातात पत्र्याची खरवडणी.
हरलेल्यांनी आपले कागद आपणच काढायचे असतात.
खाली तात्सिओ, दोन्ही हातांनी शिडी धरून.
पलीकडून स्कूटरवरचा कुणीतरी काहीतरी ओरडला.
दोघंही वर बघत राहिले.
मी मत कुणाला दिलं ते सांगत नाही,
पण त्या रस्त्याने गेले नाही, गल्लीतून वळले.

मंगळवारी वह्या तपासल्या.
तात्सिओचं वाक्य :
पातेर मेउस सेल्लास पोर्तात.
माझे वडील खुर्च्या वाहतात.
विभक्ती बरोबर, क्रियापद जागेवर.

खाली मी लाल शाईने लिहिलं :
शब्द कुठाय?
मग ते खोडलं,
इतकं, की पान फाटलं.