तीस मायक्रॉन

तळमजल्यावर माझी खोली. वर प्राध्यापक, खाली मी
आणि पाण्याच्या धारेत फिरणारं हिऱ्याच्या काठाचं पातं.
एकतीस वर्षं झाली. सेंट जॉन्सचं धुकं
रोज खिडकीला नाक लावून बघतं
हा माणूस दगडाचं करतो तरी काय.

करतो एवढंच: काप काढायचा, काचेवर चिकटवायचा,
घासत घासत न्यायचा तीस मायक्रॉनपर्यंत.
केसाहून बारीक. मग दगडातून उजेड जातो.
क्वार्ट्झ पिवळसर दिसला, तर अजून जाड आहे.
राखाडी झाला की थांबायचं.
त्यापुढे हात एकदा जरी जास्त फिरला
की दगड नाही, नुसती काच.

हिवाळ्यात अर्ज येतात. पडद्यावर येतात, पडद्यावरच मरतात.
त्या वर्षी एक बुटाच्या खोक्यातून आला,
जाळ्याच्या हिरव्या दोऱ्यानं बांधलेला.
टर्झा कीपिंग. दक्षिण किनाऱ्यावरचं बेट,
फेरीबोट आठवड्यातून एकदा, तीही वाऱ्याच्या मर्जीनं.
आत मुठीएवढा दगड आणि चिठ्ठी:

हेतू लिहा असं म्हटलंय, हजार शब्दांत.
आमच्या खाडीतले सगळे दगड करडे आहेत.
हा एकटा गुलाबी.
नऊ वर्षांची असल्यापासून विचारतेय, याला कुणी आणलं.
आजोबा म्हणाले, देवानं.
शाळेत म्हणाले, जहाजानं, वजन म्हणून.
मला दोन्ही पटलं नाही.

मोजले मी. हजार कुठले, चौतीस.

समिती बसली तेव्हा ट्रे आणायला वर गेलो होतो.
दार उघडंच. कुणी म्हणालं, गुण एकाहत्तर.
कुणी म्हणालं, भौतिकशास्त्र दोनदा दिलंय,
आणि मधली चार वर्षं खेकड्याच्या कारखान्यात.
कुणी म्हणालं, घेईल कोण हिला? पैसे कुठल्या खात्यातून?
दगड टेबलावर होता,
बाकीच्यांचे कागद उडू नयेत म्हणून.
ट्रेबरोबर तोही उचलला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी काप तयार. भिंगाखाली मायक्रोक्लीन:
आडव्याउभ्या चौकड्या, काळ्या-पांढऱ्या,
जणू कुणी कापड विणून, घडी घालून
आत ठेवून दिलं आणि विसरून गेलं.
कुठून आला ते मला कळेना. मी कापणारा.
वाचणारे वर.

सहाला हॅनराहन बाई खाली आल्या, कोट घातलेल्या,
गाडीची किल्ली हातात. बघत राहिल्या.
किल्ली खिशात गेली.
"लेव्ही, क्वार्ट्झ पिवळा दिसतोय."
"थकलोय, बाई."
"थोडं अजून."
मी घासत होतो, त्या उभ्या. घामानं की धुक्यानं,
दोघांचेही चष्मे पांढरे.
राखाडी आला तेव्हा साडेसात वाजले होते.
एकाहत्तर गुणांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.
मीही नाही.

प्रतीक्षायादीत तिसरी, असं कळलं पुढे.
ऑगस्टमध्ये एक मुलगा ऑस्लोला गेला,
एकीनं तेलाच्या कंपनीत नोकरी धरली,
एक नुसताच गप्प झाला.

सप्टेंबरात दारात ओले बूट.
नाव नाही, नमस्कार नाही.
"माझा दगड कुणी कापला?"

हजारो कापले असतील मी. लॅब्राडोरचे, ग्रीनलंडचे,
समुद्राच्या तळातून उपसलेले.
हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
"मी."
"मी बघायला पाठवला होता. कापायला नाही."

कपाटातून उरलेला अर्धा काढून दिला.
कापलेल्या बाजूवरून तिनं अंगठा फिरवला, सावकाश,
चिरलेल्या कॉडच्या पोटातून फिरवतात तसा,
काही राहिलं का आत, हे बघत.
बराच वेळ गेला. वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकल्या,
नव्या मुलांचं स्वागत होतं, तिचंही असणार.
भिंगाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.
बाह्या वर सारल्या.
"हे पातं चालू कसं करायचं?"

"आधी," मी म्हणालो, "पाणी सोड."